समुद्रकांठचें हुआ हिन आणि तेथील गोल्फचीं मैदानें

एखाद्या गांवाची कीर्ति कशावर उभी राहील, याचा नेम सांगतां येत नाहीं. कोणतें गांव देवळामुळें प्रसिद्धीस येतें, कोणतें बाजारपेठेमुळें, तर कोणतें केवळ हवापाण्यामुळें. थायलंडच्या आखातावर, बँकॉकच्या दक्षिणेस सुमारें २०० किलोमीटरांवर वसलेलें हुआ हिन हें गांव मात्र तीन गोष्टींमुळें नांवारूपास आलें : आगगाडी, राजवाडा आणि गोल्फ. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत कीं, एकीची हकीकत सांगूं लागलें तर उरलेल्या दोघी आपोआप येऊन हजर होतात. आज या गांवाच्या आसपास गोल्फचीं अनेक मैदानें आहेत आणि देशोदेशींचे प्रवासी तेथें केवळ खेळण्यासाठीं जातात. परंतु या मैदानांची खरी ओळख व्हावयाची तर नुसती हिरवळ पाहून भागत नाहीं. ती हिरवळ कोणीं, केव्हां, कोणासाठीं आणि कोणाच्या पाण्यावर राखली, हेंहि पाहावें लागतें.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. गोल्फ हा खेळ दिसावयास जितका सोपा, तितकाच साधावयास कठीण. एक लहानसा टणक चेंडू काठीनें टोलवीत टोलवीत दूरच्या एका भोंकांत घालावयाचा, एवढेंच त्याचें सार. त्या भोंकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. म्हणजे घरांतील साधी वाटी त्यावर पालथी घातली तर तें झांकून जाईल. जेथून पहिला टोला मारावयाचा त्या जागेपासून भोंकापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यालाच खेळाडू ‘होल’ म्हणतात. असे १८ होल मिळून एक पुरें मैदान होतें. कसलेल्या खेळाडूला प्रत्येक होलास किती टोले पुरावे हें आधींच ठरलेलें असतें. त्यास ‘पार’ अशी संज्ञा आहे. बहुतेक मैदानांवर तीन टोल्यांचे चार होल, चार टोल्यांचे दहा आणि पांच टोल्यांचे चार असतात. बेरीज केली तर ती ७२ भरते. या खेळांत प्रतिपक्षी असा कोणी समोर उभा राहून चेंडू अडवीत नाहीं. वारा, उतार, वाळूचे खड्डे, तळीं आणि स्वतःचें मन हेच काय ते शत्रु. म्हणूनच ज्या भूमीवर हा खेळ चालतो, त्या भूमीला या खेळांत जेवढें महत्त्व आहे, तेवढें दुसऱ्या कोणत्याहि खेळांत क्वचितच असेल.

आतां ती भूमि पाहूं. ‘हुआ’ म्हणजे डोकें आणि ‘हिन’ म्हणजे दगड. किनाऱ्यावर वर डोकावणाऱ्या खडकांवरून गांवाला हें नांव पडलें. हें गांव ज्या प्रांतांत मोडतें त्याचें नांव प्रचुआप खीरीखान. त्यांतील ‘खीरी’ म्हणजे आपला ‘गिरि’ होय. शेजारच्या फेच्चबुरी प्रांताच्या नांवांत ‘वज्र’ आणि ‘पुरी’ हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. मराठी माणसाच्या कानाला हीं नांवें प्रथम परकीं वाटतात. पण उच्चाराची टरफलें काढून टाकलीं कीं आंत ओळखीचा संस्कृत किंवा पाली गर सांपडतो. राजांच्या नांवांचें तसेंच आहे. वजिरावुध हा ‘वज्रायुध’, आणि त्याच्या मागून गादीवर आलेला त्याचा भाऊ प्रजाधिपोक याच्या नांवांतील ‘प्रजा’ व ‘अधिप’ तर उघडच ऐकूं येतात. या दोघां भावांचा हुआ हिनशीं फार निकटचा संबंध आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हुआ हिन म्हणजे कोळ्यांची एक साधी वस्ती होती. सयाम देशाचा दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग १९११ सालीं येथवर येऊन पोंचला आणि बँकॉकच्या दमट उकाड्याला त्रासलेल्या राजघराण्यास या स्वच्छ वाळूच्या किनाऱ्याचा शोध लागला. रेल्वेखात्याचे प्रमुख राजपुत्र पुरच्छत्र हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. रूळ टाकल्यानें काम संपत नाहीं. गाडींत बसण्यास लोकांना कांहीं कारणहि द्यावें लागतें, हें त्यांस उमगलें होतें. त्यांच्या कारकीर्दींत १९२३ सालीं समुद्रकांठीं ‘रेल्वे हॉटेल’ उघडलें आणि १९२४ सालीं स्टेशनाच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशीं, गोल्फचें मैदान सुरू झालें. या मैदानाच्या आंखणीचें काम ए. ओ. रॉबिन्स या स्कॉटिश रेल्वे-इंजिनीयराकडे होतें. गोल्फचें माहेर स्कॉटलंड. तेव्हां रुळांची मोजमापें करणाऱ्या त्या गृहस्थाला होलांचीं मोजमापें करणें परकें वाटलें नसावें. थायलंडमधील पहिलें प्रमाणशीर मैदान म्हणून आज ‘रॉयल हुआ हिन’ ओळखलें जातें तें हेंच.

याच सुमारास राजा वजिरावुधानें हुआ हिनच्या उत्तरेस चाआम येथें सागवानी लांकडाचा, खांबांवर उभारलेला हवेशीर राजवाडा बांधविला. त्याचें नांव ‘मृगदायवन’. गौतम बुद्धानें जेथें पहिला उपदेश केला, त्या सारनाथच्या मृगवनाची ही आठवण आहे. १९२५ सालीं तो राजा निवर्तला. त्याच्या मागून आलेल्या प्रजाधिपोकानें हुआ हिन येथेंच आपला स्वतंत्र वाडा बांधला आणि त्याला ‘क्लाय कांगवोन’ असें नांव दिलें. या थाई शब्दांचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’ असा आहे.

परंतु नांव ठेवल्यानें चिंता दूर राहत नाहीं. २४ जून १९३२ रोजीं पहांटे बँकॉकमध्यें कांहीं लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनीं उठाव करून राज्यकारभार हातीं घेतला. त्या वेळीं राजा हुआ हिनच्या वाड्यांत विश्रांतीस आलेला होता. ही बातमी येऊन थडकली तेव्हां राजा गोल्फ खेळत होता, अशी आख्यायिका आहे आणि ती मोठ्या आवडीनें सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, राजा राजधानींत नसून याच गांवीं होता, हें निर्विवाद आहे. त्याच्यापुढें दोन वाटा होत्या : निष्ठावंत सैन्य गोळा करून लढावें, किंवा घटनात्मक राजा म्हणून मर्यादित अधिकार पत्करावे. रक्तपात नको म्हणून त्यानें दुसरी वाट धरली आणि तो बँकॉकला परतला. १० डिसेंबर १९३२ रोजीं राज्यघटनेवर त्याची स्वाक्षरी झाली. पुढें नव्या सरकारशीं त्याचें जमलें नाहीं. २ मार्च १९३५ रोजीं इंग्लंडांत असतांनाच त्यानें राजत्याग केला, आणि १९४१ सालीं परदेशींच त्याचा अंत झाला. अनियंत्रित राजसत्तेचा शेवट आणि गोल्फचें एक मैदान हीं दोन एकाच गांवाच्या इतिहासांत अशीं शेजारीं येऊन बसलीं आहेत.

आज रॉयल हुआ हिनच्या मैदानावर राजवस्त्राची अट नाहीं. शुल्क भरील त्याला तेथें खेळतां येतें. आंखणी जुन्या वळणाची आहे. यंत्रांनीं डोंगर उकरून, कृत्रिम तळीं खोदून केलेली अशी ती नसून, जमिनीचे मूळचे चढउतार तसेच राखलेले आहेत. मोठाल्या वृक्षांच्या सांवलींतून होलांच्या वाटा जातात आणि उंचावरून समुद्र व गांव दृष्टीस पडतात. जवळच्या टेकडीवर ‘क्रायलास’ नांवाचें बौद्ध मंदिर आहे. हा ‘क्रायलास’ म्हणजे आपला कैलासच. गांवांतील जुनें लांकडी स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. २०२३ सालापासून गाड्या शेजारच्या नव्या उंच स्टेशनांत थांबूं लागल्या. तथापि जुनी इमारत मोडली नाहीं, हें त्या लोकांच्या रसिकतेचें लक्षण होय.

पहिल्या मैदानानंतर बराच काळ या भागांत नव्या मैदानांची घाई झाली नाहीं. १९८५ नंतर थायलंडांत उद्योगधंदे झपाट्यानें वाढले, हातांत पैसा खेळूं लागला, आणि गोल्फचें मैदान हें एकाच वेळीं करमणुकीचें, प्रतिष्ठेचें व जमीनविक्रीचें साधन बनलें. मैदानाभोवतालच्या जमिनीला भाव येतो, बंगले विकले जातात. म्हणून पुष्कळ ठिकाणीं खेळ हें निमित्त आणि जमीन हा हेतु होता. १९९७ सालीं थाई चलन कोसळलें तेव्हां अशा अनेक बेतांतील हवा निघून गेली. जीं मैदानें टिकलीं, त्यांतील कांहीं हुआ हिनच्या परिसरांत आहेत.

चाआमच्या बाजूस ‘स्प्रिंगफील्ड’ हें मैदान आहे. १९९३ सालीं उघडलेल्या या मैदानाची मूळ आंखणी जॅक निक्लाउस या विख्यात अमेरिकन खेळाडूनें केली. टोला कोठें मारावा याचा विचार करावयास लावणारी, तळीं व वाळू यांचा हिशेबी उपयोग करणारी अशी ती आंखणी आहे. त्याच बाजूला ‘लेक व्ह्यू’ हें रॉजर पॅकार्ड यानें आंखलेलें ३६ होलांचें विस्तीर्ण मैदान आहे. गांवाच्या उत्तरेस, विमानतळाच्या पलीकडे, ‘पाम हिल्स’ लागतें. रुंद पट्टे व सौम्य उतार यांमुळें नवशिक्यानें तेथें प्रारंभ करावा. पश्चिमेस डोंगराकडे ‘मॅजेस्टिक क्रीक’ आहे. तें थाई रचनाकारानें आंखलेलें असून त्याच्या नांवाप्रमाणेंच ओढ्यानाल्यांशीं खेळाडूची वारंवार गांठ पडते.

गांवाच्या पश्चिमेस सुमारें दहा किलोमीटरांवर असलेलें ‘ब्लॅक माउंटन’ हें २००७ सालीं सुरू झालें. ऑस्ट्रेलियन रचनाकार फिल रायन यानें तें आंखलें. या मैदानानें हुआ हिनचें नांव व्यावसायिक खेळाडूंच्या जगांत नेलें. २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षीं ‘थायलंड क्लासिक’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा येथें झाली. पहिल्या वर्षीं अँड्र्यू डॉड आणि दुसऱ्या वर्षीं स्कॉट हेंड असे दोन ऑस्ट्रेलियन खेळाडू विजयी झाले. काळसर डोंगराच्या पार्श्वभूमीवर रेखलेले तेथील होल दिसावयास सुंदर आहेत. परंतु पाण्याच्या कडेनें जाणारे पट्टे नवख्याचे चेंडू भराभर गिळतात.

दक्षिणेकडील टेकड्यांत २००८ सालीं ‘बन्यान’ नांवानें आणखी एक मैदान उघडलें. थाई रचनाकार पिरापोन नामात्र याची ती कृति आहे. हल्लीं त्याला ‘पाइनॅपल व्हॅली’, म्हणजे अननसाचें खोरें, असें म्हणतात आणि तें नांव यथार्थ आहे. कारण पूर्वीं तेथें अननसाचेंच शेत होतें. त्याहून नवें ‘सी पाइन्स’ हें मैदान थाई सैन्याच्या ताब्यांतील किनाऱ्यावर असून २०१४ च्या सुमारास तें सुरू झालें. इतर मैदानांवरून समुद्र दुरून दिसतो. येथें तो अगदीं शेजारीं आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर जीं सुरूचीं बनें आढळतात, तशींच झाडें या किनाऱ्यावर आहेत आणि समुद्रावरून येणारा वारा हाच तेथील खरा प्रतिस्पर्धी ठरतो.

कोणतें मैदान कोणीं निवडावें, हें यावरून सहज ठरवितां येतें. इतिहासाची आवड असेल त्यानें रॉयल हुआ हिन चुकवूं नये. ज्याला आपल्या कौशल्याची परीक्षा पाहावयाची असेल त्यानें ब्लॅक माउंटन गांठावें. आणि ज्याला वाऱ्याशीं झुंजावयाचें असेल त्यानें सी पाइन्सवर जावें. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत हवा उत्तम असते. मार्च ते मे हा कडक उन्हाळा. तेव्हां सकाळीं लौकर खेळ आटोपणें शहाणपणाचें. ऑक्टोबर व नोव्हेंबरचा प्रारंभ हे भर पावसाचे दिवस होत. मुंबईहून बँकॉकपर्यंत विमानानें साधारण चार ते साडेचार तास आणि तेथून मोटारीनें सुमारें तीन तास, इतका हा प्रवास आहे.

या मैदानांवर आणखी एक गोष्ट लक्षांत भरते. थायलंडांत बहुतेक ठिकाणीं प्रत्येक खेळाडूबरोबर एक मदतनीस असतो. त्यास ‘कॅडी’ म्हणतात, आणि हें काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. उन्हापासून संरक्षण म्हणून त्या डोक्यावर मोठी टोपी, अंगांत लांब बाह्यांचा सदरा आणि कित्येकदां तोंडाभोंवतीं रुमाल अशा वेषांत असतात. अंतर सांगणें, वाऱ्याचा अंदाज देणें, योग्य काठी पुढें करणें, चेंडू पुसणें, हिरवळीचा उतार वाचून दाखविणें, हें सर्व त्या चार-पांच तास करीत असतात. रोज त्याच वाटेनें चालल्यामुळें त्यांना मैदानाचा कण न् कण ठाऊक असतो. त्यांच्या मिळकतींत ठराविक मेहनतान्यापेक्षां खेळाडूनें खुशीनें दिलेल्या बक्षिसीचा भाग मोठा असतो. म्हणून ही बक्षिसी म्हणजे दानधर्म नव्हे; ती त्या बाईच्या श्रमाची उरलेली मजुरी होय, हें प्रवाशानें विसरूं नये.

आतां मूळ प्रश्न पाण्याचा. हुआ हिनच्या पश्चिमेस तनाओश्रीची डोंगररांग दक्षिणोत्तर पसरली आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे या रांगेवर आदळून पलीकडेच रिते होतात. सह्याद्रीमुळें कोंकणांत धो धो पाऊस आणि देशावर टंचाई असा जो भेद पडतो, तोच येथेंहि आहे. हुआ हिन हें पर्जन्यछायेंत सांपडलेलें गांव असून थायलंडच्या अत्यंत कोरड्या भागांपैकीं एक आहे. वर्षाकाठीं सुमारें १००० मिलिमीटर पाऊस, तोहि मुख्यतः थोड्या महिन्यांत. याच कारणानें येथील शेतकऱ्यांनीं अननस जवळ केला. अननसाची पानें आपलीं श्वासछिद्रें दिवसा मिटून घेतात आणि रात्रीं उघडतात, त्यामुळें उन्हांत पाणी उडून जात नाहीं. थोडक्या पाण्यावर गुजराण करणारें असें हें काटकसरी पीक आहे, आणि प्रचुआप खीरीखान हा थायलंडांत अननसासाठीं अग्रगण्य प्रांत गणला जातो.

उलट गोल्फची हिरवळ. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर लावतात तें ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या हरळीचें घराणें होय. शेतकरी जी हरळी उपटून टाकतां टाकतां थकतो, तिचेच निवडक संकर येथें मखमलीसारखे कातरून जपले जातात. हरळी स्वतः चिवट आहे; पण ती बारा महिने हिरवीगार दिसावी हा हट्ट मात्र महाग पडतो. हिशेब करून पाहावा. एका मैदानावर नित्य पाणी द्यावें लागणारी जागा २० हेक्टर धरली, आणि उन्हाळ्यांत तिला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतें असें मानलें, तर रोज १००० घनमीटर, म्हणजे १० लक्ष लिटर पाणी झालें. भारतांत नगरवासीयांसाठीं दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हें प्रमाण धरतात. त्या मानानें एका मैदानाचें पाणी सात हजारांहून अधिक माणसांना पुरेल. जेथें अशीं अनेक मैदानें दाटीनें आहेत, तेथें हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाहीं.

आशियांतील कार्यकर्त्यांनीं याच कारणानें १९९३ सालीं गोल्फविरोधी जागतिक चळवळ पुकारली, आणि तींत थायलंडचे लोकहि होते. पाण्याची उधळपट्टी, गवतावर फवारलीं जाणारीं विषारी औषधें आणि शेतजमिनीचा ऱ्हास हीं त्यांच्या तक्रारीचीं मुख्य कलमें होतीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. मैदानामुळें माळी, कॅडी, स्वयंपाकी, मोटारहांके अशा पुष्कळांना गांवांतच काम मिळतें आणि मुलांना पोटासाठीं बँकॉकची वाट धरावी लागत नाहीं. शिवाय खारें पाणी सोसणारें ‘पास्पालम’ जातीचें गवत लावणें, पावसाचें पाणी तळ्यांत सांठविणें, सांडपाणी शुद्ध करून तेंच पुन्हां वापरणें आणि खेळाच्या पट्ट्याबाहेरची जमीन कोरडी ठेवणें, असे उपाय आज उपलब्ध आहेत. ज्या मैदानाची कड उन्हाळ्यांत तांबूस दिसते तें गबाळें नव्हे. तेंच कदाचित् अधिक विचारी असेल.

तात्पर्य, खेळ आणि शेत यांत एकाचाच जय व्हावा असें नाहीं. परंतु पाणी मर्यादित आहे, हें दोघांनीं मान्य केलें पाहिजे. मैदान निवडतांना होल किती आणि आंखणी कोणाची, हे प्रश्न प्रवासी विचारतोच. पाणी कोठून येतें आणि कॅडीला काय मिळतें, हे दोन प्रश्नहि त्यांत घालावे. शुल्क देणाऱ्यानें विचारलेल्या प्रश्नाकडे मालकाला दुर्लक्ष करतां येत नाहीं. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीं त्या किनाऱ्यावर एका राजानें ‘चिंतेपासून दूर’ नांवाचा वाडा बांधला, आणि देशाची चिंता त्याला तेथें शोधीत आली. आजच्या प्रवाशाला ती शोधीत येणार नाहीं. ती त्याला आपण होऊन पाहावी लागेल, कारण ती हिरवळीच्या खालीं, पाण्याच्या नळांतून वाहत असते.